आधी रिक्षाचे पैसे मांडा, मग तबल्याचे

पत्र: मी सिडकोत तबल्याचे वर्ग घेते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची धाकटी बहीण कर्णबधिर आहे. ती दारात बसून भावाच्या हाताकडे बघत असते. तिच्यावरून डोक्यात आलं, की रविवारी एक गट सुरू करावा. त्यात माझे काही विद्यार्थी, शेजारच्या वस्तीतली काही मुलं आणि काही दिव्यांग मुलं असतील, दहा ते अठरा वयाची, एकूण सोळा. परदेशात अशा प्रकल्पांना छोटी अनुदानं मिळतात असं वाचलं. आपल्याकडे मिळतात का? तबल्याच्या सहा जोड्या, हार्मोनियम, कीबोर्ड आणि स्पीकर असं १ लाख ४० हजारांचं अंदाजपत्रक केलं आहे. कुणी म्हणतं, आधी ट्रस्ट नोंदवा. ओळखीच्या एका उद्योजकांकडे गेले, तर ते म्हणाले, ‘ऐकू न येणाऱ्या मुलांना तबला कशाला?’ मला उत्तर सुचलं नाही. आणि शेवटचं, विचारायला संकोच वाटतो: यात मी स्वतःचं मानधन धरलं तर चालेल का?
– एक तबलाशिक्षिका, नाशिक

ताई, त्या उद्योजकांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जाणार आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याच विद्येत आहे.

नव्या विद्यार्थ्याला तुम्ही तीनताल कसा शिकवता? आधी हातावर. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. सोळा मात्रांचं अख्खं आवर्तन डोळ्यांसमोर फिरतं. ज्या मुलीला ऐकू येत नाही, तिला ताल बघता येतो, आणि दारात बसलेली ती मुलगी नेमकं तेच करते आहे. ज्या मुलाला दिसत नाही त्याच्यासाठी पढंत आहे. ‘धा धिं धिं धा’ तोंडाने म्हणत ताल पक्का करायचा, वही नको की फळा नको. एकाच तालात शिरायच्या या दोन वाटा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अर्जात हे असंच, साध्या शब्दांत लिहा. बाहेरून कुठली पद्धत आणायची गरज नाही.

शिवाय डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याचा, घुमारा कानांनीच ऐकावा लागतो असं नाही. डग्गा लाकडी चौरंगावर ठेवा आणि मुलीला अनवाणी त्याच चौरंगाला पाऊल लावून बसवा. ‘धा’ आणि ‘ता’ मधला फरक तिला तळपायात कळेल. स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. पुढे त्या जगभर वाजवत फिरल्या, आणि कंप पायांतून कळावेत म्हणून अनवाणी वाजवतात. एवढ्या लांब जायचं नसेल, तर पंचवटीपर्यंत या. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली, शाळा थांबली, म्हणून ते गाण्याकडे वळले. त्याच माणसाने १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तरायुष्यात आपल्या नाशकात येऊन आश्रम केला. ‘या मुलांना संगीत कशाला’ असं नाशिकमध्ये कुणी विचारलं, तर हे सांगायला संकोचू नका.

आता गटात सेरेब्रल पाल्सी असलेलं एखादं मूल आहे असं धरा. त्याचा हात ठरल्या क्षणी ठरल्या जागी पडत नाही. त्याला सोळा मात्रा देऊ नका, सम द्या, म्हणजे आवर्तनाची फक्त पहिली मात्रा. व्हीलचेअरच्या ट्रेवर खंजिरी वेल्क्रोने पक्की बसवायची. काठीला स्पंज गुंडाळून वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढायची, म्हणजे मूठ जाड होते आणि काठी निसटत नाही. लय त्याच्या हाताला झेपेल इतकी विलंबित ठेवायची आणि बाकीच्या पंधरा जणांनी तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन त्याच्या समेवर यायचं. तो अर्धी मात्रा उशिरा आला, तर आवर्तन अर्धी मात्रा थांबेल. पहिल्या दोन-तीन रविवारी तुमचे तयारीचे विद्यार्थी वैतागतील. मग त्यांना त्याच्या खांद्याकडे बघून हात कधी पडणार ते ओळखता येऊ लागेल, आणि साथ करणं म्हणजे काय हे त्यांना कुठल्याही परीक्षेच्या तयारीपेक्षा लवकर कळेल. त्यामुळे त्यांना ‘मदत करणारी मुलं’ म्हणून मिरवू नका. तीही शिकायलाच आली आहेत.

एक सावधगिरी. नाशिक ढोल हा आपला अभिमान आहे, पण बंद खोलीत त्याच्या आवाजाने स्वमग्न मुलाचा जीव घाबरा होतो. सुरुवात दिमडी-खंजिरीने करा, ढोल शेवटच्या काही रविवारी आणि तोही मैदानात काढा. कारखान्यांत कामगार कानांवर लावतात ते इअरमफ सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागात सुरक्षासाहित्याच्या दुकानांत मिळतात. चार-पाच घेऊन ठेवा. खोलीचा एक कोपरा चटई टाकून शांत ठेवा, तिथे जाऊन बसायला कुणाची परवानगी लागू नये.

आता तुमचं अंदाजपत्रक. स्पष्ट लिहिते, रागावू नका: १ लाख ४० हजारांत एकही पैसा मुलांना वर्गापर्यंत आणण्यासाठी नाही. मी एका छोट्या स्थानिक निधीच्या निवड समितीवर बसते. नुसत्या वाद्यांची यादी असलेला अर्ज आला, की पहिला प्रश्न हाच निघतो, की प्रकल्प संपल्यावर ही वाद्यं कुणाची? त्याहून मोठा प्रश्न वाद्यं आल्यावर उभा राहतो. व्हीलचेअरवरच्या मुलीला अंबड लिंक रोडवरून सिडकोत आणायचं, तर बस तिच्या कामाची नाही. रिक्षा करायची तर आईला जाऊन-येऊन तीनशे रुपये मोजावे लागतात, वर तिचा कामाचा खाडा होतो आणि धाकटं मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न राहतो. ती दोन रविवार येईल, तिसऱ्या रविवारी येणार नाही. तिला तबला आवडला नाही असं मग आपण समजतो. अशा मुलीच्या अडचणीचा खर्च कागदावर आहे की नाही, यावरूनच प्रकल्प सर्वांसाठी आहे की फक्त तसं म्हणणारा आहे, हे मी तरी ओळखते.

म्हणून कागद उलटा मांडा. बारा रविवार धरू. ठरलेल्या चालकांच्या दोन रिक्षा, प्रत्येकी सहाशे रुपये, म्हणजे १४,४०० रुपये. दोन मदतनीस, चारशे रुपये रोज, ९,६००. त्यातला एक मदतनीस दिव्यांग तरुण किंवा तरुणी असावी असं मनापासून सुचवते, कारण मुलांना आपल्यासारखं मोठं माणूस तिथे काम करताना दिसलं पाहिजे. सांकेतिक भाषा येणारे किंवा विशेष शिक्षक दर रविवारी हजार रुपये, १२,०००. वीस जणांचा नाश्ता तीस रुपयांप्रमाणे ७,२००. तुमचं मानधन १२,०००, त्याबद्दल शेवटी लिहिते. वाद्यं आणि त्यांच्यातले बदल, इअरमफ, चौरंग मिळून ११,०००. शेवटी पालक आणि शेजाऱ्यांसमोर वाजवण्याचा छोटा कार्यक्रम, ५,०००. फोन, छपाई, हिशेब २,८००. बेरीज ७४,००० होते. तुमच्या मूळ आकड्याच्या जवळपास निम्मी, आणि यात मुलं शेवटपर्यंत टिकतील. दर तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण क्रम बदलू नका.

वाद्यं कुठून आणायची? अनंत चतुर्दशी झाली, की मंडळांचे आणि पथकांचे ढोल-ताशे गोणपाटात गुंडाळून पडतात. तुमच्या गल्लीतल्या मंडळाला लेखी मागा, परत करण्याची तारीख आणि ढोलाचं पान फाटल्यास भरून देण्याची हमी त्यातच लिहा. कीबोर्ड आणि स्पीकर या वर्षी विसरा. तबल्याच्या सहा जोड्याही नकोत, तुमच्या वर्गातल्या दोन पुरे.

ट्रस्टचं म्हणाल, तर आत्ता नको. ज्यांनी सुचवलं त्यांचा हेतू चांगला आहे, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली ट्रस्ट नोंदवला, की विश्वस्त, दरवर्षीचं लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, असं सगळं मागे लागतं. बारा रविवारांसाठी हे ओझं कशाला? नाशिकमध्ये दृष्टिबाधितांसाठी नॅब आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ट्रस्ट आहे, कर्णबधिरांच्या शाळा आहेत, शिवाय तुमच्या भागातल्या शिक्षणसंस्था आहेत. यांच्यापैकी कुणाचं तरी छत्र मागा. मुलंही तिथूनच भेटतील आणि विशेष शिक्षकही. पैसे संस्थेच्या खात्यात येतील, खर्च तुमच्या सहीने सुचवला जाईल आणि संस्थेच्या धनादेशाने होईल. एक पानी करार करा. वेगळी खतावणी ठेवायची, बिलं संस्थेच्या नावाने घ्यायची, संस्थेने कामापोटी किती टक्के ठेवायचे (पाचपर्यंत रास्त), प्रकल्प मधेच थांबला तर उरलेल्या पैशाचं काय, एवढं त्यात असू द्या. ओळख कितीही जुनी असली, तरी हा कागद करा. आणि तोवर व्हॉट्सअपवर तुमच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड फिरवून लोकांकडून वर्गणी गोळा करू नका, पुढे हिशेबाचे आणि कायद्याचे प्रश्न निघतात.

परदेशी अनुदानाचा मार्ग तुमच्यासाठी बंद आहे असंच धरा. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेली ‘युथ म्युझिक’ ही संस्था लॉटरीच्या निधीतून अशाच मुला-तरुणांच्या संगीतप्रकल्पांना पैसे देते, तुम्ही बहुधा तिच्याचबद्दल वाचलं असेल. पण तो पैसा तिथल्या कामासाठी आहे. परदेशी देणगी घ्यायला इथल्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च केलेली असावी लागते. नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायला २०२० पासून मनाई आहे.

तेव्हा जवळ बघा. पहिलं दार रोटरी आणि लायन्स क्लबांचं. त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, नवे अध्यक्ष त्या सुमारास वर्षभराचे प्रकल्प ठरवत असतात. मे-जूनमध्ये भेटलात तर तुमचं काम यादीत बसतं, फेब्रुवारीत गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकावं लागतं. एका क्लबकडे सगळे ७४ हजार मागू नका. एकाकडे बारा रविवारांच्या रिक्षा मागा, दुसऱ्याकडे नाश्ता आणि मदतनीस. ‘आमच्या क्लबमुळे ही मुलं वर्गापर्यंत पोहोचली’ हे त्यांनाही सांगता येतं.

दुसरं दार कंपन्यांचं, आणि इथे लोक चुकीच्या फाटकावर उभे राहतात. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च, म्हटलं की सातपूर-अंबडच्या सगळ्यात मोठ्या नावांकडे धाव असते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे जी कंपनी निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक तरी पातळी गाठते, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के खर्च करायचे असतात. मोठ्या कंपन्यांना मोठे प्रकल्प हवे असतात, ७४ हजारांच्या अर्जालाही त्यांच्याकडे तेवढेच कागद लागतात. पण सरासरी आठ कोटी नफा असलेल्या मध्यम कारखान्याची जबाबदारी १६ लाखांची होते, आणि ही जबाबदारी ५० लाखांपर्यंत असली की वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे एका बैठकीत दोन-तीन माणसांना पटलं की झालं. असे कारखाने निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या सभासदांत सापडतील. तुमचं काम कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसतं, त्यात विशेष शिक्षण आहे आणि दिव्यांगही आहेत. मात्र छत्र देणाऱ्या संस्थेकडे प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ क्रमांक हवा. संस्था निवडतानाच हे विचारा.

महानगरपालिकेकडे पैसे मागू नका, जागा मागा. दिव्यांगांसाठी राखीव निधी पालिकेकडे असतो, पण त्याची वाट बघत तुमचे रविवार जातील. मनपा शाळेतली तळमजल्यावरची एक खोली, रॅम्प आणि चाकाची खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह, एवढं लेखी मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सांस्कृतिक जीवनात आणि करमणुकीत सहभागाचा हक्क दिलेला आहे, अर्जात त्याचा उल्लेख एका ओळीत करा. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत पालिका गुंतलेली असणार, तेव्हा हा अर्ज सगळ्यात आधी टाका. गट दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे गणपती-नवरात्र टळतं आणि वार्षिक परीक्षांच्या आधी बारा रविवार बसतात.

एक वेगळी वाट पुढच्या वर्षासाठी सांगून ठेवते. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था, १९९३ मध्ये स्थापन झालेली, व्यक्तींनाही अनुदान देते आणि प्रस्ताव भारतीय भाषांत स्वीकारते. तिला सेवाकार्यापेक्षा कलेतला प्रश्न हवा असतो. ताल ऐकू येत नसताना समेची जाणीव कशी घडते, हा तसा प्रश्न आहे. बारा रविवारांच्या नोंदी नीट ठेवल्यात, तर तुमच्याकडे त्यावर लिहिण्यासारखं काही असेल. तसंच गटात एखादं मूल खरोखर पुढे जाण्यासारखं निघालं आणि त्याचं वय दहा ते चौदा असेल, तर केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती त्याच्या पालकांना सुचवा.

अर्ज दोन पानांचा पुरे. पहिल्या परिच्छेदात किती मुलं, कुठे, कोणते रविवार, शेवटी काय होणार. दुसऱ्यात तालाचं आणि समेचं ते वर्णन, तुमच्या शब्दांत. मग खर्च. ‘निरागस चेहऱ्यांवर हसू फुलवण्यासाठी’ यासारखी वाक्यं काढून टाका, ती प्रत्येक अर्जात असतात आणि त्यांतून तुमच्या गटाबद्दल काहीच कळत नाही. रडव्या फोटोंची तर अजिबात गरज नाही. कुठलाही फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय आणि मुलाला विचारल्याशिवाय वापरू नका. बालगृहातलं मूल गटात असेल, तर बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याची ओळख उघड करता येत नाही, हे देणगीदाराच्या फोटोग्राफरलाही आधीच सांगा. सुरक्षिततेचं अर्जात लिहाच: खोलीत कायम दोन मोठी माणसं, स्वच्छतागृहात मदतीला मुलीसोबत बाईच, आणि पालकांना केव्हाही आत येऊन बसण्याची मुभा. समितीत बसल्यावर मी हा परिच्छेद शोधत असते, आणि तो सापडला नाही तर फोन करून विचारते.

अहवालासाठी आतापासून एकच वही करा. दर रविवारी कोण आलं, कोण आलं नाही आणि का नाही आलं. ‘रिक्षा आली नाही’, ‘आई आजारी’, ‘आवाजाने घाबरला, शांत कोपऱ्यात बसून होता’. पहिल्या आणि शेवटच्या रविवारचं फोनवर पाच-पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण ठेवा. देणगीदाराला आणखी काही द्यावं लागत नाही.

राहिला मानधनाचा प्रश्न. धरा, आणि संकोच न करता स्वतंत्र ओळीत लिहा. रविवारचे दोन तास शिकवणं, आदल्या दिवशी वाद्यांची जुळवाजुळव, मुलांच्या घरी फोन, संस्थेकडे हिशेब, हे सगळं काम आहे आणि ते तुम्ही सोडून कुणी करणार नाही. पहिल्या वर्षी फुकट केलंत, तर दुसऱ्या वर्षी देणगीदार तेच गृहीत धरतो, आणि ज्या दिवशी तुम्हाला जमेनासं होईल त्या दिवशी तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला द्यायला कागदावर पैसेच नसतात. कुणी विचारलंच, तर खर्चाचा कागद पुढे करा. रिक्षाचालकाला पैसे मिळतात, नाश्तावाल्याला मिळतात, त्याच पानावर तबला शिकवणारीच्या नावापुढे बारा रविवारांचे १२,००० आहेत. अर्जाचा कच्चा मसुदा सदराच्या पत्त्यावर पाठवा, आणि छत्र देणाऱ्या संस्थेशी बोलणं झालं असेल तर कराराचा कागदही सोबत जोडा.